सोनमाशाचे घर : पाणी किती, ऊब किती?



पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने माशांवर लेख लिहावा, हे आमच्या प्राणिशास्त्र विभागाला अतिक्रमण वाटण्याचा संभव आहे. परंतु गोल्डफिश म्हणजे आपला सोनमासा पाळताना जे दोन प्रश्न पहिल्यांदा उभे राहतात, ते दोन्ही माझ्याच विषयातले आहेत. पेटी केवढी घ्यावी हा घनफळाचा आणि पृष्ठफळाचा प्रश्न. पाणी तापवावे की नाही हा उष्णतेचा प्रश्न. हे दोन्ही मी वर्गात शिकवतो. तरीही घरी दोन्ही चुकवले आणि त्याची किंमत दोन माशांनी दिली. तेव्हा हा लेख म्हणजे अधिकारवाणीने दिलेला पाठ नसून चुकलेल्या गणिताची दुरुस्ती आहे, असे समजून वाचावा.

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात माझ्या मुलीच्या वाढदिवसाला कोणीतरी काचेचे गोल भांडे आणि त्यात दोन सोनमासे आणून दिले. ती तेव्हा चौथीत होती. भांडे टेबलावर ठेवले, गळ्यापर्यंत पाणी भरले, सकाळ-संध्याकाळ चिमूटभर खाद्य टाकू लागलो. दर रविवारी सगळे पाणी ओतून, भांडे घासून लख्ख करून, नळाचे ताजे पाणी भरत असू. आम्हांला वाटे, यापेक्षा स्वच्छता ती कोणती!

जानेवारीत बेळगावात नेहमीची थंडी पडली. एका सकाळी दोहोंपैकी एक मासा पाण्यावर आडवा तरंगत होता. मुलीने विचारले, "बाबा, हा थंडीने मेला का?" मी अंगावर शाल घेऊन उभा होतो. क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "हो गं, थंडीनेच."

त्याच दिवशी संध्याकाळी बाजारातून ५० वॉटचा हीटर आणला. दुकानदाराने त्याची चकती २८ अंशांवर लावून दिली होती, तशीच ठेवली. रात्री उरलेला मासा तोंड वर काढून हवा गिळू लागला. तो उबेने खुलला आहे, असे आम्हांला वाटले. तिसऱ्या दिवशी तोही गेला.

या वेळी मात्र मुलीने विचारले, "आता तर थंडी नव्हती ना, बाबा?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. भांड्यातले पाणी एका बाटलीत भरून मी महाविद्यालयात नेले आणि प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यापुढे ठेवले. त्यांनी त्यात तपासणीचे थेंब टाकले. नळी पाहता पाहता गर्द हिरवी झाली. ते म्हणाले, "अहो सर, हा थंडीचा बळी नव्हे. हा अमोनियाचा बळी आहे. आणि दुसऱ्याला तर तुम्ही तापवून मारलेत."

थंडी निर्दोष कशी?

सोनमासा मूळचा चीनचा. तेथे एक हजाराहून अधिक वर्षांपूर्वी साध्या करड्या माशांतून तांबूस-पिवळे मासे निवडून वाढवण्यास सुरुवात झाली. पुढे तो जपानात गेला आणि सतराव्या शतकात युरोपात पोहोचला. १७५८ मध्ये लिनियसने त्याला शास्त्रीय नाव दिले. आज आपण त्याला कॅरॅसियस ऑरॅटस म्हणतो. हा कार्प कुळातला, थंड व समशीतोष्ण पाण्यातला मासा आहे. एंजल, गप्पी इत्यादी उष्ण कटिबंधातील माशांच्या शेजारीच तो दुकानात ठेवलेला असतो, म्हणून त्यालाही २८ अंश हवेत असा समज होतो.

चीन-जपानच्या थंड भागांत तळ्यांवर बर्फ धरते आणि त्याखाली सोनमासे हिवाळा काढतात. हे कसे शक्य होते, ते अकरावीच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल. पाण्याची घनता ४ अंशांना सर्वांत जास्त असते. त्यामुळे तळाशी सुमारे ४ अंशांचे पाणी राहते आणि बर्फ वरच्या वर तरंगते. १९४२ साली फ्राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात लहान सोनमाशांच्या उष्णतामान-सहनशीलतेचा जो अभ्यास केला, तो या विषयात पायाभूत मानला जातो. हळूहळू सवय झालेला सोनमासा अतिशय विस्तृत उष्णतामानात जगू शकतो, असे त्यातून दिसले. १९८० मध्ये तर आणखी एक आश्चर्य प्रसिद्ध झाले. पाण्यातला प्राणवायू संपला तर हा मासा काही काळ शरीरातील आम्लाचे अल्कोहोल करून ते कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो आणि तग धरतो. ही युक्ती थंड पाण्यातच बराच काळ चालते, कारण तेथे शरीराची गरज मंद असते.

बर्फाखाली हिवाळा काढणारा प्राणी आमच्या घरातल्या १८-१९ अंशांना मरेल कसा? शाल मला हवी होती, माशाला नव्हे.

भांड्याचे गणित

आता भांड्याकडे वळू. माझे गोल भांडे आतून २५ सेंटिमीटर व्यासाचे होते. पूर्ण गोल धरला तर घनफळ सुमारे ८.२ लिटर येते. तोंडाचा व्यास १२ सेंटिमीटर. तिथपर्यंत पाणी भरले की पाणी ८.१ लिटर आणि हवेला भिडणारा पृष्ठभाग फक्त ११३ चौरस सेंटिमीटर. प्राणवायू पाण्यात शिरतो तो मुख्यतः या पृष्ठभागातूनच. गंमत अशी की हेच भांडे अर्धे भरले असते तर पाणी ४.१ लिटर झाले असते, पण पृष्ठभाग ४९१ चौरस सेंटिमीटर मिळाला असता. आम्ही गळ्यापर्यंत भरून माशाची नाकेबंदीच केली होती.

याउलट ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशी साधी चौकोनी पेटी घ्या. २७ सेंटिमीटरपर्यंत भरली तर पाणी ४८.६ लिटर आणि पृष्ठभाग १८०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे पाणी सहापट आणि पृष्ठभाग जवळजवळ सोळापट! म्हणून पेटी निवडताना उंचीपेक्षा लांबी-रुंदीकडे पाहावे. उंच, निमुळती पेटी दिवाणखान्यात शोभते, पण माशाच्या उपयोगी पडते ती पसरट पेटी.

पाणी जास्त हवे याचे दुसरे कारण मलद्रव्ये. मासा अमोनिया टाकतो तो बहुतांशी कल्ल्यांतून, अहोरात्र. मोठ्या पाण्यात तो पातळ होतो, लहान पाण्यात साठतो. निसर्गात त्याची विल्हेवाट जिवाणू लावतात. नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पायरासारखे जिवाणू त्याचे पुढे नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट हे दोन्ही विषारी आहेत, नायट्रेट त्यामानाने सौम्य. हे जिवाणू पाण्यात कमी आणि खडी, काच, फिल्टरचा स्पंज यांच्यावर अधिक राहतात. नव्या पेटीत त्यांची वस्ती पुरेशी व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही दर रविवारी भांडे घासून ती वस्ती उठवत होतो. वर नळाच्या पाण्यातले क्लोरीन उरल्यासुरल्या जिवाणूंचा आणि माशांच्या नाजूक कल्ल्यांचा समाचार घेत होते. आमची स्वच्छता ही अशी होती!

"मासा भांड्याच्या मापाने वाढतो" असे पुष्कळ लोक सांगतात. हे अर्धसत्य आहे आणि म्हणून जास्त घातक. कोंदट, दूषित पाण्यात त्याची वाढ खुंटते हे खरे; पण ती तडजोड नसून आजार आहे. साधा लांबट सोनमासा चांगल्या पाण्यात २० सेंटिमीटरच्या पुढे सहज जातो आणि दहा-पंधरा वर्षे जगतो. इंग्लंडमधील टिश नावाचा एक सोनमासा १९५६ मध्ये जत्रेत बक्षीस मिळाला होता. तो १९९९ मध्ये मेला, म्हणजे ४३ वर्षे जगला. त्याच्यापुढे आमचे मासे जेमतेम महिनाभर टिकले.

आणखी एक गणित लक्षात ठेवा. माशाची लांबी तिप्पट झाली की वजन सुमारे सत्तावीसपट होते, कारण वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून "एक इंच मासा, एक गॅलन पाणी" हा जुना नियम लहान, सडपातळ माशांपुरता ठीक असला तरी सोनमाशाला लावू नये. ५ सेंटिमीटरच्या पिल्लाकडे पाहून पेटी घेऊ नका. तो १५ सेंटिमीटरचा झाल्यावर काय लागेल, ते पाहून घ्या.

तापवण्याचे गणित

आता माझी दुसरी, अधिक लाजिरवाणी चूक. एक लिटर पाणी एक अंशाने तापवण्यास सुमारे ४.१९ किलोज्यूल उष्णता लागते. ८ लिटरला साडेतेहतीस किलोज्यूल. ५० वॉटचा हीटर दर सेकंदाला ५० ज्यूल देतो. म्हणजे अकरा मिनिटांत एक अंश. २० पासून २८ अंशांपर्यंत जायला दीड तास पुरे! बाहेर जाणारी उष्णता धरली तरी दोन-अडीच तास. थंड रक्ताच्या प्राण्याला एका संध्याकाळी जानेवारीतून एप्रिलमध्ये ढकलल्यासारखेच हे झाले. हाच हीटर ४८.६ लिटरच्या पेटीत असता तर एका अंशाला अडुसष्ट मिनिटे लागली असती. मोठे पाणी हळू तापते आणि हळू निवते. पेटीचा आकार आणि उष्णतामान हे दोन वेगळे प्रश्न नसून एकच प्रश्न आहे, असे मी म्हणतो ते याचसाठी.

तापल्यावर काय झाले तेही पाहू. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात दर लिटरला जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. २८ अंशांना तो ७.८ वर येतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. हवेचा दाब कमी असल्यामुळे येथे हे दोन्ही आकडे आणखी आठ-नऊ टक्क्यांनी घटतात. पुरवठा असा कमी होत असताना माशाची गरज मात्र वाढते. दर १० अंशांना देहव्यापाराचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणजे ८ अंशांना सुमारे पावणेदोनपट. आवक घटली आणि खर्च वाढला. ज्या घराचे असे होते, त्याचे काय होते हे आपण जाणतोच. मासा तोंड वर काढून हवा गिळत होता तो खुलला म्हणून नव्हे, गुदमरत होता म्हणून.

भरीस भर अमोनियाची. पाण्यातला सगळा अमोनिया सारखा विषारी नसतो. आयनरूपातला बराचसा निरुपद्रवी, मुक्त अमोनिया घातक. त्यांचे प्रमाण सामू आणि उष्णतामान यांवर ठरते. सामू ८ असताना २० अंशांना मुक्त अमोनिया एकूणाच्या ३.८ टक्के असतो, तर २८ अंशांना ६.५ टक्के. म्हणजे भांड्यात नवे काहीही न टाकता, केवळ हीटर लावून, मी विषाची धार वाढवली.

मग काय करावे?

सहकाऱ्यांच्या सांगण्यावरून मी तीन महिने एकही मासा आणला नाही. मुलीला ते कठीण गेले, पण तिने रोज सकाळ-संध्याकाळ खोलीचे आणि पाण्याचे उष्णतामान वहीत लिहिण्याचे काम आनंदाने पत्करले. रिकाम्या गोल भांड्यात पाणी खोलीबरोबर चढे-उतरे. नव्या मोठ्या पेटीत दिवसभरात एखाद-दीड अंशच हाले. त्या वहीने माझी शाल कायमची उतरवली.

पेटी घेतली ती ९० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद, ४० उंच. ३६ सेंटिमीटरपर्यंत भरल्यावर पाणी ११३ लिटर. काच आणि खडी धरून वजन दीडशे किलोच्या घरात जाते, म्हणून ती कपाटावर किंवा हलक्या टेबलावर न ठेवता लोखंडी स्टँडवर, खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवली. माशांच्या दुसऱ्या एका दुकानातले वयस्क दुकानदार मला कानडीत म्हणाले, "नीरु हेच्चु, मीनु कडिमे." पाणी जास्त, मासे कमी. या अंकाच्या कानडी विभागातल्या वाचकांना याचे भाषांतर नको. मराठी वाचकांनाही 'नीर' आणि 'मीन' हे शब्द परके नाहीत. माझ्या या सगळ्या लेखाचे सार त्या चार शब्दांत आहे.

पाळणाऱ्यांच्या उपयोगासाठी थोडक्यात सांगतो.

१) गुबगुबीत, दुहेरी शेपटीच्या जातींना (ओरांडा, र्‍युकिन इत्यादी) दर माशामागे ४० ते ५० लिटर पाणी धरावे. दोन माशांना ९० सेंटिमीटरची पेटी योग्य. लांबट, चपळ साध्या आणि कॉमेट जातींना याहून लांब पेटी किंवा अंगणातले हौद-तळेच बरे. गोल भांडे कोणालाच नको.

२) फिल्टर लावून, शक्य झाल्यास एखाद्या निरोगी जुन्या पेटीतला थोडा स्पंज त्यात घालून, जिवाणूंची वस्ती आधी होऊ द्यावी. मग मासे आणावेत. अमोनिया आणि नायट्राइट तपासून शून्य दिसेपर्यंत घाई करू नये.

३) आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलावे, सगळे कधीही नाही. नवे पाणी एक दिवस उघडे ठेवून किंवा हायपो घालून क्लोरीन घालवावे. त्याचे उष्णतामान पेटीतल्या पाण्याशी जुळवावे. स्पंज नळाखाली न धुता काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळावा.

४) सोनमाशाला १८ ते २४ अंश उत्तम. बेळगावात किंवा गोव्यात घरातल्या पेटीला हीटर लागत नाही. ग्वाल्हेर-इंदूरकडे हिवाळ्यात बंद खोलीतही पाणी फार उतरत असेल आणि मासे गुबगुबीत जातीचे असतील तरच लावावा. त्यासाठी लिटरला एक वॉट हे ढोबळ माप आहे. थर्मोस्टॅट १८ ते २० वर ठेवावा आणि दिवसाला एक-दोन अंशांपेक्षा जास्त चढवू नये. दुकानात चकती कितीवर लावून दिली आहे, ते पाहून घ्यावे! हीटर पाण्याबाहेर चालू ठेवू नये आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढावा.

५) थंडीत मासा मंदावतो, तेव्हा खाद्य कमी करावे. न खाल्लेले खाद्य कुजून पुन्हा अमोनियाच होतो.

६) आपल्याकडे खरी काळजी एप्रिल-मे महिन्यांची. झाकण काढून जाळी ठेवावी, एअर पंप चालू ठेवावा आणि पंख्याचा झोत पाण्याच्या पृष्ठभागावर सोडावा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता जाते. माझ्या पेटीला तेवढ्यात हिशेबाने पाच अंशांचा गारवा मिळायला हवा. खोलीतून उष्णता परत येत असल्यामुळे मला प्रत्यक्षात दोन-तीन अंश मिळाले, ३१ चे २८ झाले आणि तेवढे पुरले. माठातले पाणी गार का होते हे शिकवताना मी आता हेही उदाहरण देतो. बर्फाचे खडे एकदम टाकू नयेत. तो माझ्या हीटरचाच उलटा प्रयोग होईल.

७) मासे नकोसे झाले तर विहिरीत किंवा तलावात सोडू नयेत. परक्या पाण्यात ते तेथल्या जीवसृष्टीला उपद्रव करतात. दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावेत.

शेवटी

नव्या पेटीतल्या दोन माशांना आता अडीच वर्षे होऊन गेली. आणले तेव्हा ते बोटभर होते, आता पेटीत वळताना त्यांचा रुबाब दिसतो. गेल्या दोन्ही जानेवारींत त्यांना हीटर लावला नाही.

एक गोष्ट मात्र राहिली होती. मुलीला मी जे "थंडीनेच" म्हणून सांगितले होते, ते मागे घ्यायचे होते. वडिलांना आणि त्यातून शिक्षकाला हे वाटते तितके सोपे नसते. एके संध्याकाळी तिची उष्णतामानाची वही समोर घेऊन तिला सगळे सांगितले: भांडे लहान होते, पाणी विषारी झाले होते आणि दुसरा मासा माझ्या हीटरने गेला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही तेव्हा मोजलं नव्हतं ना, बाबा?"

मित्रहो, प्रयोगशाळेत आपण मोजल्याशिवाय निष्कर्ष लिहीत नाही, लिहिलाच तर परीक्षक गुण कापतो. घरी मात्र पहिले सुचलेले कारण हेच खरे कारण धरून चालतो आणि त्यावर लगेच उपायही करतो. अशा चुकीच्या उपायाची झळ बहुधा दुसऱ्यालाच लागते. त्या वहीच्या पहिल्या पानावर मुलीने तारीख घालून लिहिले आहे, "आधी मोजायचे." यंदा प्रथम वर्षाच्या प्रात्यक्षिकाचा पहिला तास मी त्याच वाक्याने सुरू केला.